सेकंदाच्या पोटातला हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



सचिवांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "सेकंद." त्यांना वाटले मी एका सेकंदात भाषण उरकणार. थोडे बरेही वाटले असावे. पण तसे नाही, वेळ लागेल.

विषय असा निघाला. आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत भरतीच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं बसतात. मी पहिल्या पाळीहून सुटलो की तिकडे एक चक्कर टाकतो. त्या दिवशी चौघांत वाद चालला होता. प्रश्न होता : ०.००५ सेकंद म्हणजे किती मायक्रोसेकंद? एकाचे उत्तर ५, दुसऱ्याचे ५००, एका मुलीचे ५,०००. चौथा म्हणाला, "सोडून द्या काका, एकाच मार्काचा आहे."

मला राग आला. पोरावर नाही, स्वतःवर आला. कारण असाच एक हिशेब मी एकदा सोडून दिला होता आणि त्याची किंमत अख्ख्या रिंग खात्याने भरली. ती गोष्ट आधी सांगतो.

१९९६ साल. मी एका सूतगिरणीत साचेवाला होतो. गिरणीचे नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. शिक्षण सातवी. नवीन कामवाढीचा करार व्हायचा होता, म्हणून स्टॉपवॉच घेतलेले दोन साहेब आठ दिवस आमच्या पाठीमागे फिरले. साच्यावर धागा तुटला की कामगार तो सांधतो, ते सांधायला किती वेळ लागतो ते ते टिपून घेत. मग एक कागद आला. त्यावर लिहिले होते : धागा सांधणे, ०.१७. आम्ही पाच कामगार प्रतिनिधी तो कागद घेऊन बसलो. आमच्यातल्या एकाने मनगटावरचे घड्याळ लावून बघितले होते, त्याला दहा-अकरा सेकंद लागत होते. कागदावर तर सतरा! साहेब उदार झाला म्हणालो आणि सह्या ठोकल्या. दुसरी सही माझी.

तो आकडा सेकंदांचा नव्हताच, मिनिटाचा होता. ०.१७ मिनिट. त्याला साठाने गुणा. १०.२ सेकंद झाले. आम्ही समजलो त्यापेक्षा ६.८ सेकंद कमी. आता तुम्ही म्हणाल, पावणेसात सेकंदांनी काय होते? आमच्याकडे एका माणसाला एका पाळीत पाचशेच्या आसपास धागे सांधावे लागत. ६.८ गुणिले ५०० म्हणजे ३,४०० सेकंद, म्हणजे ५६ मिनिटे ४० सेकंद. आठ तासांतला जवळजवळ एक तास आमच्या डोक्यातल्या चुकीच्या वाचनात होता, कागदावर नव्हता. त्या आकड्यावर साच्यांची वाटणी ठरली आणि चार बाजू सांभाळणाऱ्याच्या गळ्यात सहा बाजू आल्या. लघवीला जायचे तर शेजारच्याला हात जोडायचे.

दोन वर्षे आम्ही साहेबाने फसवले म्हणून बोंबललो. खरे सांगायचे तर साहेबाने फसवले नव्हते. कागदाच्या डोक्यावर, कोपऱ्यात, इंग्रजीत मिनिट असे छापलेले होते. समजावून मात्र कोणी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. तासांची लढाई आपण जिंकलेली होती. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली आठवड्याचे ४८ तास कायद्यात आले. पण तासाच्या पोटात काय चालले आहे ते मोजणारा दुसराच होता आणि त्याचे माप आम्हाला वाचता येत नव्हते.

टाइम ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने निवृत्तीच्या आधी मला ते स्टॉपवॉच हातात दिले. म्हणाले, "बाबा, घरं मोज." मी मोजली. तबकडीवर साठ नाहीत, शंभर घरे होती. काटा एका मिनिटात एक फेरी मारतो, म्हणजे एक घर म्हणजे मिनिटाचा शंभरावा भाग. ६० सेकंद भागिले १०० म्हणजे ०.६ सेकंद. मिलिसेकंदांत सांगायचे तर ६००. त्या दिवशी मी पहिल्यांदा दशांश अपूर्णांक शिकलो, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

तर मुलांनो, पहिला खड्डा हा आहे. सेकंदाच्या वरचा कारभार साठाचा आहे आणि खालचा कारभार हजाराचा. साठाची पद्धत बाबिलोनच्या लोकांची. पुढे लॅटिनमध्ये तासाच्या साठाव्या भागाला पहिला बारीक भाग म्हणाले आणि त्याच्या साठाव्याला दुसरा बारीक भाग. दुसरा म्हणजे सेकंड. आपण बोलतो तो सेकंद हा असा नुसता 'दुसरा' आहे. त्याच्याही साठाव्याला जुने ज्योतिषी 'तिसरा' म्हणत. पण सेकंदाच्या आतले खरोखर मोजणारी यंत्रे हातात आली तोवर जगात दशमान पद्धत आली होती, म्हणून तिथून पुढे साठ सुटले आणि दहा-शंभर-हजार सुरू झाले. दीड मिनिट म्हणजे १.५ मिनिट, १ मिनिट ५० सेकंद नव्हे. दीड सेकंद मात्र सरळ १,५०० मिलिसेकंद.

आपल्याकडेही साठच होते. आजीच्या तोंडी घटका, पळ असे शब्द असायचे. दिवसरात्रीच्या ६० घटका, घटकेची ६० पळे, पळाची ६० विपळे. करा हिशेब. दिवसाचे ८६,४०० सेकंद. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे, विपळ ०.४ सेकंदाचे, म्हणजे ४०० मिलिसेकंद. डोळ्याची पापणी मिटून उघडायला साधारण १०० ते ४०० मिलिसेकंद लागतात. विपळ म्हणजे आरामात मिटलेली एक पापणी.

आता या विहारात उभा आहे म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपण उठता-बसता क्षण क्षण म्हणतो. एका क्षणाचे सेकंद किती? हसू नका, याचे उत्तर आहे. आचार्य वसुबंधूंच्या 'अभिधर्मकोशा'त काळाचे कोष्टक दिलेले आहे. या ग्रंथाच्या संस्कृत भाष्याचे हस्तलिखित राहुल सांकृत्यायनांनी १९३० च्या दशकात तिबेटात शोधून काढले. आचार्य नरेंद्रदेवांनी केलेला हिंदी अनुवादही आहे, मी तोच वाचला. कोष्टक असे : १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त, ३० मुहूर्तांचा एक दिवस आणि रात्र.

खाली उतरत या. ८६,४०० भागिले ३०, मुहूर्त झाला २,८८० सेकंदांचा, म्हणजे ४८ मिनिटे. त्याला ३० ने भागा, लव ९६ सेकंदांचा. त्याला ६० ने भागा, तत्क्षण १.६ सेकंदाचा. इथे दशांश नको असेल तर १,६०० मिलिसेकंद लिहा. आणि १२० ने भागा. १३ पूर्णांक एक तृतीयांश मिलिसेकंद. एका सेकंदात बरोबर ७५ क्षण! मी हा हिशेब पहिल्यांदा रात्रपाळीत बॉबिनच्या खोक्यावर खडूने केला आणि उत्तर इतके गोल आले म्हणून तीनदा तपासला.

त्याच ग्रंथात असेही आहे की बळकट माणसाने चुटकी वाजवली तर तेवढ्यात ६५ क्षण जातात. म्हणजे सुमारे ८६७ मिलिसेकंद. हे मात्र जुळत नाही. २०२१ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेरा लावून चुटकी मोजली. बोट सटकण्याची क्रिया सुमारे ७ मिलिसेकंदांत होते. म्हणजे वसुबंधूंच्या अर्ध्या क्षणात. कदाचित हात उचलण्यापासूनचा वेळ त्यांनी धरला असेल, सांगता येत नाही. म्हणून कोणी उठून 'आमच्या लोकांनी हे सगळे आधीच मोजून ठेवले होते' असे म्हणू लागला तर त्याला थांबवा. त्यांच्याकडे मोजायचे यंत्र नव्हते, त्यांनी विचाराने भाग पाडले होते. ते लहान काम नाही. पण ते मोजमाप नव्हे.

आता हजाराचा कारभार. नियम एकच. माप लहान घेतले की आकडा मोठा होतो. तेच तांदूळ पायलीने मोजले तर आकडा छोटा, वाटीने मोजले तर मोठा. मोठ्या मापातून लहानात उतरताना गुणायचे, लहानातून वर चढताना भागायचे. आणि प्रत्येक पायरी हजाराची.

एका सेकंदाचे १,००० मिलिसेकंद. एका मिलिसेकंदाचे १,००० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दहा लाख. पुढची पायरी नॅनोसेकंद, सेकंदाचे शंभर कोटी. पुढे पिकोसेकंद, एक लाख कोटी. मग फेमटो, एकावर पंधरा शून्ये. मग ॲटो, एकावर अठरा. आपली लाख-कोटींची स्वल्पविराम द्यायची पद्धत इथे घोळ करते, कारण ती दोन-दोन शून्यांवर चालते. म्हणून या हिशेबात शून्ये तीन-तीनच्या जुडीने मोजा. एक जुडी म्हणजे एक पायरी. ०.००५ सेकंद घ्या. दशांशचिन्ह तीन घरे उजवीकडे सरकवले, ५ मिलिसेकंद. अजून तीन घरे, ५,००० मायक्रोसेकंद. त्या मुलीचे उत्तर बरोबर होते. तिच्या बोलण्याकडे तिघांनी लक्ष दिले नाही, तो वेगळा विषय आहे.

नावांचेही सांगतो. मिली म्हणजे लॅटिनमध्ये हजार. मायक्रो म्हणजे ग्रीकमध्ये बारीक, नॅनो म्हणजे बुटका. फेमटो आणि ॲटो हे डेन्मार्क-नॉर्वेकडच्या भाषेतले पंधरा आणि अठरा. म्हणजे नावातच शून्ये सांगून ठेवली आहेत. २०२२ साली याच्याही खालची आणखी दोन नावे ठरली, रॉन्टो आणि क्वेक्टो. ती परीक्षेत आलीच तर रॉन्टोला सत्तावीस शून्ये, क्वेक्टोला तीस.

मिलिसेकंद हा आपल्या ओळखीचा माणूस आहे. साच्यावरचे स्पिंडल मिनिटाला १८,००० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला ३०० झाल्या, एका फेरीला ३.३ मिलिसेकंद. तुम्ही ३०० मिलिसेकंद पापणी मिटलीत, तेवढ्यात स्पिंडल ९० वेळा फिरले. वाइंडिंगला धागा मिनिटाला १,२०० मीटरने पळतो, म्हणजे सेकंदाला २० मीटर, मिलिसेकंदाला २ सेंटीमीटर. दोन सेंटीमीटरची जाड गाठ आली तर ती यंत्राच्या डोळ्यासमोर एकच मिलिसेकंद असते. तेवढ्यात तिला पकडून धागा कापायचा.

आणि ट्यूबलाइट. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. त्यात प्रकाश दोनदा चढतो, दोनदा पडतो. म्हणजे जुनी चोकवाली ट्यूब दर १० मिलिसेकंदांनी लुकलुकते. आपल्या डोळ्याला ते कळत नाही. आता एक चार आऱ्यांचे चाक घ्या, मिनिटाला १,५०० फेऱ्यांचे. सेकंदाला २५ फेऱ्या, एका फेरीला ४० मिलिसेकंद, पाव फेरीला १०. दर उजेडाला एका आऱ्याच्या जागी दुसरा आरा येऊन उभा. चाक थांबलेले दिसते! माझ्या बरोबरीच्या एका मित्राने असे 'थांबलेले' चाक पुसायला हात घातला होता. दोन बोटे गेली. शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडल्या की हे टळते. हे त्याला कोणी सांगितले असते आणि खात्यात कोणी केले असते तर ती बोटे आज असती. घरात ई.एल.सी.बी. बसवता ना, त्याच्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेले असते. तेवढी गळती झाली की त्याने ३०० मिलिसेकंदांच्या आत वीज तोडायची असते. हृदयाचा एक ठोका साधारण ८०० मिलिसेकंदांचा. ज्यांनी अजून बसवले नाही त्यांनी उद्या बसवा.

पी. टी. उषाची शर्यत जुन्या लोकांना आठवत असेल. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळ्यांची. रुमानियाच्या बाईची वेळ ५५.४१ सेकंद, उषाची ५५.४२. कांस्यपदक गेले ०.०१ सेकंदाने, म्हणजे १० मिलिसेकंदांनी. तिच्या सरासरी वेगाने अंतर काढले तर सात सेंटीमीटर, माझ्या तळहाताएवढे. आणि वसुबंधूंचा क्षण १३ मिलिसेकंदांचा. ते पदक एका क्षणातही गेले नाही, पाऊण क्षणात गेले.

मायक्रो आणि नॅनो मात्र हाताला लागत नाहीत. म्हणून मी आज पिशवीतून सुताचे तुकडे आणले आहेत. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेच्या नौदलात ग्रेस हॉपर नावाच्या बाई होत्या, कॉम्प्युटरच्या क्षेत्रातल्या फार मोठ्या. संदेशाला वेळ का लागतो असे अधिकारी विचारत, तेव्हा त्या फूटभर लांबीच्या वायरचा तुकडा हातात देत आणि म्हणत, हा नॅनोसेकंद. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. मिलिसेकंदात ३०० किलोमीटर. मायक्रोसेकंदात ३०० मीटर. नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर. बघा, हजार-हजाराने भागत आलो की तीन लाख किलोमीटरची गोष्ट माझ्या दोन हातांत मावली. वायर महाग, म्हणून मी सूत आणले. आणि ही बॉबिन, हिच्यावर ३०० मीटर सूत आहे, रॅप रीळावर मोजून गुंडाळलेले, सुमारे पावणेतीन ली. हा मायक्रोसेकंद. एक हातात घेऊन बघा आणि दुसरा दुसऱ्या हातात, म्हणजे हजारपट काय असते ते कळेल.

मिली आणि मायक्रो यांत गोंधळ झाला तर काय होते, याचे उत्तर तुमच्या खिशात आहे. मोबाइलवरचा नकाशा उपग्रहांच्या घड्याळांवर चालतो. उपग्रहाचा संदेश किती वेळात पोचला यावरून तो अंतर काढतो. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक. आईन्स्टाईनच्या सिद्धांताप्रमाणे वरची घड्याळे आपल्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ती दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते. केली नसती तर ३८ गुणिले ३०० मीटर, एका दिवसात अकरा किलोमीटरच्या वर फरक पडला असता.

त्याच्या खालचे थोडक्यात सांगतो, कारण जेवणाचा वास येऊ लागला आहे. एका पिकोसेकंदात प्रकाश ०.३ मिलिमीटर जातो, सुताच्या जाडीएवढा समजा. रेणूतले बंध तुटतात-जुळतात ते फेमटोसेकंदांच्या हिशेबात. ते बघण्याची पद्धत काढल्याबद्दल इजिप्तमध्ये जन्मलेल्या अहमद झेवैल यांना १९९९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ॲटोसेकंदांचे प्रकाशाचे झोत तयार केल्याबद्दल २०२३ साली भौतिकशास्त्राचे नोबेल ॲन लुइलिए, पिएर अगोस्तिनी आणि फेरेन्क क्राउझ या तिघांना मिळाले. विश्वाचे वय सेकंदांत काढले तर जो आकडा येतो, त्याच्या दुपटीहून जास्त ॲटोसेकंद एका सेकंदात बसतात. हा हिशेब करून बघा. वय १,३८० कोटी वर्षे धरा.

आणि सेकंद तरी कुणी ठरवला? १९६७ पासून तो सूर्यावरून ठरत नाही. सिझियमच्या अणूतून निघणाऱ्या लहरीची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आवर्तने झाली की एक सेकंद. म्हणजे एक आवर्तन एका नॅनोसेकंदाच्या साधारण नवव्या भागात. लहानाने मोठ्याला मोजले आहे.

१९९६ च्या त्या कराराचे पुढे काय झाले ते राहिले. मुदत तीन वर्षांची होती, ती आम्ही भोगली. १९९९ ला पुन्हा स्टॉपवॉचवाले आले. या खेपेला त्यांच्या शेजारी आमचाही एक माणूस घड्याळ घेऊन उभा राहिला, आणि नव्या कागदावर प्रत्येक आकड्यापुढे मराठीत 'सेकंद' लिहायला लावले. धागा सांधणे, १३ सेकंद. पुढचे दोन महिने साहेब माझ्याशी बोलत नव्हते. पण पाचशे धाग्यांमागे २.८ सेकंदांनी १,४०० सेकंद परत आले, म्हणजे तेवीस मिनिटे वीस सेकंद. चहा पिऊन, तोंड धुऊन परत साच्यावर यायला पुरतात.

सुताचे तुकडे टेबलावर ठेवतो. मुलामुलींनी एकेक नॅनोसेकंद घेऊन जावा. मायक्रोसेकंदाची बॉबिन मात्र परत द्यायची आहे, ती खात्यातली आहे. जयभीम.